चारशे की सहाशे? ताडोबा, तलाव आणि शंकरपटासाठी झूम लेन्स

नागपुरात कॅमेरा घेतलेला माणूस पहिल्या सफारीहून परतला की थेट ६०० एमएमची चौकशी सुरू करतो. माझं मत वेगळं आहे. पैसे एकाच लेन्सचे असतील आणि काम मुख्यतः जिप्सीतून असेल, तर आधी १००-४०० एमएमची झूम लेन्स बघा.

ताडोबा असो की पेंच, गाडी रस्ता सोडत नाही. पण वाघही बरेचदा तोच रस्ता धरून समोरून येतो. १.५ क्रॉपच्या (लहान सेन्सरमुळे दृश्य दीडपट जवळ दाखवणाऱ्या) निकॉनवर १५०-६०० चा झूम पूर्ण मागे घेतला तरी २२५ एमएमइतकं दिसतं. दहा मीटरवरचा आडवा वाघ त्यात मावत नाही. १०० वर निदान धड पूर्ण येतं, शेपटीचं नशीब. तेवढ्यात लेन्स बदलू म्हणाल, तर उघड्या जिप्सीत धूळ थेट सेन्सरवर.

वजनही बघा. सिग्मा १००-४०० कंटेम्पररी ११६० ग्रॅम, तर त्याच कंपनीची १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅम. टोकाला दोन्हींचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं तोंड, एफ/६.३ (आकडा जितका मोठा तितका उजेड कमी), म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात दोघींची अडचण सारखीच. सिग्मा १००-४०० ला ट्रायपॉड कॉलर (लेन्स ट्रायपॉडवर बसवायची कडी) नाही, पण जिप्सीत ट्रायपॉड लावतो कोण? तांदूळ भरलेली बीन बॅग दांड्यावर ठेवा, झालं.

आता आपल्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता जास्त, पण दुपारच्या फेरीत तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचा फोटो मऊ पडतो. त्यावर व्हीसी, ओएस (लेन्समधली हात हलल्याची भरपाई करणारी सोय) काही चालत नाही. अशा वेळी वरच्या २०० एमएमचे पैसे वाया जातात.

हिवाळ्यात तलावावर मात्र हिशेब उलटतो. पट्टकादंबांचा थवा जवळ येऊ देत नाही, आणि तिथे ४०० हमखास तोकडी पडते. पक्षीच टिपायचे असतील तर १५०-६०० घ्या, सिग्मा किंवा टॅमरॉन. निकॉनवाल्यांसाठी २००-५०० एफ/५.६ त्याहून सरस, कारण अ‍ॅपर्चर शेवटपर्यंत ५.६ राहतं. वजन २३०० ग्रॅम, तेव्हा मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) धरूनच चला. जिप्सीत मात्र सुरुवातच २०० पासून, म्हणजे वरची अडचण आणखी वाढते.

कॅननचा मिररलेस असेल तर आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे. दिवसभर गळ्यात अडकवता येते. पण ४०० ला एफ/८. उजाडतानाच्या पहिल्या तासात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) भराभर चढतो आणि फोटोत दाणे येतात. ते पुसणाऱ्या आजच्या नॉइज रिडक्शनवर भरवसा असेल तरच घ्या.

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी सुटली की अंतर दर क्षणाला बदलतं, म्हणून इथेही १००-४०० सोयीची. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको, आणि दुपारच्या उन्हात ते सहज जमतं. दिव्यांखालच्या कबड्डीला यातली एकही लेन्स पुरणार नाही. तिथे जुनी का होईना, ७०-२०० एफ/२.८ शोधा.

एवढंही बजेट नसेल तर कॅनन डीएसएलआरला ५५-२५० एसटीएम आणि निकॉनला एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर. दोन्ही हलक्या आणि पैशाच्या मानाने तीक्ष्ण. फक्त डी३२००, डी५१००, डी९० अशा जुन्या निकॉनवर एएफ-पी फोकसच करत नाही, दुकानदार सांगेलच असं नाही. नावात व्हीआर (निकॉनची हात हलल्याची भरपाई करणारी सोय) नसलेली स्वस्त आवृत्तीही मिळते, ती टाळा.

जुनी लेन्स घेताना मागच्या बाजूने टॉर्च मारून काचेत बुरशीचे धागे दिसतात का ते पाहा, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. १५०-६०० असेल तर नळी खाली धरा आणि झूम लॉक (नळी आपोआप सरकू न देणारा खटका) लागतो का तेही तपासा. सफारीच्या बुकिंगआधी एक दिवस भाड्याने आणून अंबाझरी तलावावर चालवून बघितली तर आणखी उत्तम.