पुठ्ठ्याचं घ्यावं की पेपरबॅक? आधी पाठ बघा

२०१०च्या डिसेंबरात ८४वं साहित्य संमेलन ठाण्यात झालं. तिथल्या ग्रंथप्रदर्शनातून मी दोन जाड पुस्तकं आणली, एक पुठ्ठा बांधणीचं आणि एक पेपरबॅक. नौपाड्यातल्या घरी दोन्ही एकाच फळीवर राहिली, दोन्ही तीन-चारदा वाचून झाली. आज पेपरबॅकची पाठ मधोमध फुटली आहे, उघडलं की पानांचा झुबका हातात येतो. पुठ्ठ्याच्या पुस्तकाचे पुठ्ठे अजून ताठ आहेत, पण आतली पानं तशीच सुटी होत चालली आहेत. त्यांच्या शेजारी बाबांनी कॉलेजात असताना घेतलेलं एक साध्या कागदी कव्हरचं पुस्तक उभं आहे. कडा झिजल्यात, कागद पिवळा पडलाय, पण एकही पान हललेलं नाही. ते दोऱ्याने शिवलेलं आहे.

म्हणून कुणी ‘हार्डकव्हर घेऊ की पेपरबॅक’ असं विचारलं की मी आधी पुस्तकाची पाठ बघायला सांगतो. पुठ्ठा कोपरे आणि कडा सांभाळतो. पानं धरून ठेवते ती पाठ.

शिवलेल्या पुस्तकात छापील कागदाच्या घड्या घालून बहुधा सोळा-सोळा पानांचे फर्मे करतात, प्रत्येक फर्मा घडीतून शिवतात आणि त्याच दोऱ्याने शेजारच्या फर्म्याला बांधतात. परफेक्ट बाइंडिंगमध्ये, म्हणजे नुसत्या ग्लूच्या बांधणीत, फर्मे एकावर एक रचून घडीची कड मशीनवर दोन-तीन मिलिमीटर तासून टाकतात, त्या खरखरीत कडेला गरम ग्लू लावतात आणि वरून कव्हर बसवतात. म्हणजे प्रत्येक पान सुटं, सगळी भिस्त ग्लूवर. नेहमीचा हॉट मेल्ट ग्लू वर्षं जातील तसा कडक होतो आणि एखाद्या दिवशी पुस्तक पूर्ण उघडलं की तडकतो. पीयूआर, म्हणजे पॉलियुरेथेनचा ग्लू लावला असेल तर पाठ बरीच लवचीक राहते, पण तो महाग पडतो आणि दुकानात उभं राहून तो ओळखता येत नाही.

शिलाई मात्र ओळखता येते. पुस्तक डोळ्यांसमोर धरून पाठीचं वरचं टोक बघा. छोट्या घड्यांच्या कमानी शेजारीशेजारी दिसल्या तर फर्मे शाबूत आहेत. कड सपाट असेल तर तासलेली आहे. नुसत्या कमानींवरही विसंबू नका, कारण घडी न तासता तिला खाचा पाडून ग्लू भरण्याचीही पद्धत आहे. पहिल्या छापील पानापासून मोजत सोळा पानांच्या फर्म्याच्या मधोमध, म्हणजे आठव्या आणि नवव्या पानाच्या मध्ये उघडा. तिथे टाके दिसले की शंका मिटली. मी घरातली पुस्तकं अशी तपासली तेव्हा निम्मी पुठ्ठ्याची पुस्तकं आतून ग्लूचीच निघाली. त्यांच्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे फक्त वेष्टनाचे होते, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

पाठ सारखीच असेल तर मग बाकीचा विचार. लोकलने जाणाऱ्याला पेपरबॅकच सोयीचं. डेमी, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच आकाराच्या ३०० पानी पुस्तकात ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणारा) कागद असेल तर नुसता कागद सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. पेपरबॅकचं कव्हर त्यात वीसेक ग्रॅम वाढवतं, तर पुठ्ठे, अस्तर, जॅकेट मिळून सहज सव्वाशे-दीडशे. घरी खुर्चीत बसून वाचताना हे जाणवत नाही. सकाळच्या फास्टला एका हाताने कडी धरून दादरपर्यंत वाचायचं असेल तर मनगटाला पहिल्याच आठवड्यात कळतं. १९३५ साली ॲलन लेन यांनी पेंग्विनची सहा पेन्सची पुस्तकं बाजारात आणली तेव्हा स्टेशनावरचा प्रवासीच त्यांच्या डोळ्यांसमोर होता. फक्त पुस्तक उलटं दुमडून एका हातात धरायची सवय मोडा, ग्लूची पाठ त्यानेच जाते.

जागेचंही तसंच. दोन पुठ्ठ्यांनी पुस्तक पाच-सहा मिलिमीटर जाड होतं. तीन फुटांच्या फळीवर अशी ३०० पानी पेपरबॅक पंचावन्नच्या आसपास बसतात, पुठ्ठ्याची चाळीस. घोडबंदर रोडच्या वन बीएचकेत हा फरक एका कपाटाचा होतो.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. खाडीकाठच्या शहरातली ती हवा पुस्तकांना सोसत नाही. पेपरबॅकच्या कव्हरला बाहेरून प्लास्टिकचं लॅमिनेशन असतं, आतली बाजू कोरी. आतला कागद ओल पिऊन फुगतो, प्लास्टिक फुगत नाही, म्हणून कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. दिसायला वाईट, पण इजा काही नाही. वर दोन जड पुस्तकं आडवी ठेवली की बरंचसं सरळ होतं. पुठ्ठ्याचं दुखणं जास्त खोल. कापडी बांधणीच्या कापडात आणि खळीत स्टार्च असतो. कसर आणि झुरळं त्यालाच लागतात आणि बुरशीही आधी तिथेच धरते. जुने बाइंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी. आमच्याकडे कपाटात वेखंडाचे तुकडे असतात, पण त्याहून जास्त उपयोग झाला तो कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढल्याचा.

पुठ्ठ्याच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगेन. पुठ्ठा पानांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर बाहेर असतो, त्यामुळे फळीवरून सरकवताना पानांच्या कडा घासत नाहीत. शब्दकोश, पाककृती, आजीचं रोजच्या वाचनाचं पुस्तक, जे दहा हातांतून जाणार आणि वीस वर्षं राहणार, ते पुठ्ठ्याचं घ्या. अर्थात शिवलेलं. ते टेबलावर सपाट उघडं राहतं, पोळपाटाशेजारीसुद्धा. कादंबरी एकदाच वाचून कुणाला देणार असाल तर बिनधास्त पेपरबॅक. शिवलेलं पेपरबॅक दिसलं तर विचारही करू नका, लगेच घ्या.

‘आत्ता पेपरबॅक घेतो, फाटलं की बांधून घेऊ’ असा बेत असेल तर माझा अनुभव ऐका. मी एक फुटलेलं पेपरबॅक स्टेशनजवळच्या एका बाइंडरकडे टाकलं. त्याने बाजूने भोकं पाडून आरपार दोरा ओवला, तीनही बाजूंनी सढळ हाताने कटिंग केलं आणि लाल कापडाची देखणी पाठ लावली. घरी येऊन उघडलं तर आतल्या समासाकडचे शब्द शिलाईत गेलेले, प्रत्येक ओळीचं टोक शोधावं लागतं. पुस्तक मजबूत झालं, पण वाचता येत नाही. चूक माझीही होती, मी काहीच सांगितलं नव्हतं. तासलेल्या पुस्तकाला घडीच उरत नाही, त्यामुळे फर्म्याची शिलाई शक्य नसते. अशा वेळी सांगायचं ते हे: साइड शिलाई नको, कटिंग नको. पानांचा गठ्ठा आवळून धरा, पाठीकडची कड आधी एका अंगाला आणि मग दुसऱ्या अंगाला पंख्यासारखी पसरवा, दोन्ही वेळा व्हाइट ग्लू लावा. ग्लू प्रत्येक पानाच्या कडेला थोडा आत शिरतो, वाळल्यावरही लवचीक राहतो आणि पुस्तक चांगलं उघडतं.

संमेलनातलं ते पेपरबॅक मी आता याच पद्धतीने करून घेणार आहे. बाइंडरशी बोलणं झालंय. दिवाळीनंतर या म्हणाले, दमट हवेत ग्लू आणि खळ नीट वाळत नाही, पुठ्ठा वाकतो. तोवर ते सुती नाडीने बांधून फळीवर आडवं ठेवलंय.