लॅट पुलडाउनची पिन : जिममधल्या आठ महिन्यांचा अनुभव

लॅट पुलडाउनची, म्हणजे वरची दांडी खाली ओढायच्या मशीनची, पिन हरवून आज १९ दिवस झाले. तिच्या जागी एक ॲलन की (षटकोनी पाना) अडकवून ठेवली आहे. माझी तिसरी तिमाही संपत आली, फी भरायचा मेसेज दोनदा येऊन गेला, आणि पिनबद्दल विचारलं की "मेंबरच नेतात हो, आम्ही काय करणार" एवढंच ऐकायला मिळतं. म्हणून आज लिहायला बसलो. मशीन किती, ट्रेडमिल किती, पार्किंग कसं, हे जिमच्या फलकावर असतं, ते इथे सांगत नाही. पहिल्यांदा जिममध्ये पाऊल टाकणाऱ्याला जो संकोच वाटतो, तो सोलापुरातली ही जिम वाढवते की कमी करते, तेवढंच सांगतो.

पिनेवरून एवढं का? वजनांच्या थप्पीत मधोमध एक दांडा असतो आणि प्रत्येक प्लेटच्या उंचीवर त्याला भोक असतं. प्लेटमधून पिन त्या भोकात गेली की ती प्लेट आणि तिच्या वरच्या सगळ्या उचलल्या जातात. सरावलेला माणूस बसण्याआधी पिन बघतो. नवा माणूस थेट सीटवर जाऊन बसतो, कारण त्याला उभं राहायचंच नसतं. आधीच्याने पिन ७० किलोवर सोडलेली असते. नवा माणूस दांडी ओढतो, ती हलत नाही. जोर लावला की सीटवरून तोच उचलला जातो, थप्पी दोन इंच वर येते आणि धाडकन आदळते. सगळे वळून बघतात. दुसऱ्या दिवसापासून तो माणूस ट्रेडमिलवर ४० मिनिटं चालून घरी जातो, आणि महिनाभराने तेही बंद होतं.

पिनच जागेवर नसेल तर आणखी वाईट. ती हरवली आहे हे नव्याला कळत नाही. त्याला वाटतं, यातलं काहीतरी सगळ्यांना माहीत आहे, फक्त आपल्याला नाही. तो विचारत नाही, निघून जातो. ॲलन कीचा धोका वेगळा आहे. चांगल्या पिनेच्या टोकाजवळ छोटी स्प्रिंगची गोळी असते किंवा मुठीत लोहचुंबक असतं, त्यामुळे ती हिसक्याने सरकत नाही. ॲलन की नुसतीच आत राहते. दहा-बारा रेपनंतर (रेप म्हणजे वजन एकदा ओढून परत सोडणं) ती अर्धी बाहेर येते आणि वर गेलेली थप्पी सुटते.

तेव्हा कुठल्याही मशीनवर बसण्याआधी थप्पीपाशी जा. पिन पूर्ण बाहेर काढा, वरून दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्लेटमध्ये घाला, मूठ प्लेटला टेकेपर्यंत आत ढकला, मग हलकेच बाहेर ओढून अडकली का ते बघा. लॅट पुलडाउनला मांडीवरची गादी एवढी खाली घ्या की टाच जमिनीवर असताना मांडी तिच्याखाली घट्ट बसेल. नाहीतर वजन तुम्हाला उचलतं. दांडी मानेमागे नको, गळ्याच्या हाडापर्यंत समोर ओढा. वर सोडताना थप्पी टेकायच्या दोन बोटं आधी थांबा. आवाज होत नाही.

आवाजाचं महत्त्व मला या आठ महिन्यांत पटलं. लोक नव्या माणसाकडे बघत नाहीत, आवाजाकडे बघतात. कॉर्नेल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट देऊन विद्यार्थ्याला भरल्या खोलीत पाठवायचं आणि किती जणांच्या लक्षात आलं असेल ते त्याला विचारायचं. अंदाज निम्म्यांच्या आसपास यायचा, प्रत्यक्षात चौघांतल्या साधारण एकाच्याच लक्षात आलेलं असायचं. जिममध्ये तर जो तो आपले रेप मोजत असतो.

मग ज्या तीन-चार गोष्टींनी खरंच आवाज होतो, त्या टाळायच्या. थप्पी आदळणं वर आलंच. बेंचवरच्या रॉडच्या एका बाजूच्या सगळ्या प्लेट काढून दुसरी बाजू तशीच ठेवली तर रॉड उलटतो. रॉड हलका आणि स्टँड अरुंद असेल तर फार लवकर. एक इकडची, एक तिकडची, असंच काढायचं. ट्रेडमिल सुरू करताना पट्ट्यावर नाही, दोन्ही कडांवर पाय ठेवून उभं राहायचं, सुरक्षेची क्लिप टी-शर्टला लावायची, पट्टा ताशी ३ किलोमीटरवर फिरू लागला की पाऊल टाकायचं. उतरताना पट्टा पूर्ण थांबू द्यायचा. लेग प्रेसला बाजूच्या मुठी फिरवण्याआधी पायांनी फळी थोडी वर ढकलावी लागते, मगच अडसर सुटतो. नवा माणूस नुसत्या मुठीशी झटत बसतो. रिकाम्या फळीचंच वजन ३०-४० किलो किंवा जास्त असू शकतं, म्हणून पहिले दोन दिवस प्लेट लावूच नका. खाली येताना कंबर गादीवरून सुटायला लागली की तिथेच थांबा, आणि वर गुडघे ताठ लॉक करू नका.

आरशांबद्दलचं मत मी बदललं आहे. सुरुवातीला जिमला पाचपैकी तारे देताना भिंतभर आरशांसाठी एक तारा कापला होता. त्याला आधारही आहे. २००३ साली कॅनडात झालेल्या एका अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या बायकांना २० मिनिटं सायकल चालवायला दिली, तेव्हा आरशासमोर बसलेल्यांना व्यायामानंतर इतरांएवढं बरं वाटलं नाही. पण हे सायकलबद्दल आहे, जिथे आरशात बघण्यासारखं काम काहीच नसतं. डंबेल खांद्यावर ढकलताना एक हात मागे पडतो का, रो करताना, म्हणजे मूठ पोटाकडे ओढताना, खांदे कानाकडे चढतात का, हे आरशाशिवाय कळत नाही. आरशात चेहरा बघायचा नाही. मनगट, कोपर, गुडघा यांपैकी एक जागा ठरवून तिथेच नजर ठेवायची. पहिले दोन आठवडे आरशाकडे पाठ असलेली मशीन निवडली तरी काही बिघडत नाही. कापलेला तारा परत दिला.

वेळेबाबतही माझा सल्ला आता वेगळा आहे. "पहाटे जा, गर्दी नसते" हे या जिमला लागू नाही. ६ ते ८ रोजचे नेमाचे लोक असतात, प्रत्येकाची जागा ठरलेली. संध्याकाळी ६:३० ते ९ पाय ठेवायला जागा नसते. नव्या माणसाने सकाळी ८:३० ते १० किंवा रात्री ९ नंतर जावं. सोमवारी चेस्टचे बेंच रिकामे मिळतच नाहीत, त्या दिवशी पाय आणि पाठ करा. बायकांची बॅच ११ ते ४ ठेवली आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जाणाऱ्या सोलापुरात, वर पत्रा असलेल्या मजल्यावर ही वेळ देणं मला अजिबात पटत नाही. उन्हाळ्यात तरी ती सकाळी यायला हवी. तोवर त्या वेळेत जाणाऱ्यांनी दोन सेटमधली (सेट म्हणजे सलग मारलेल्या रेपची एक फेरी) विश्रांती दुप्पट करावी आणि पाण्याची एक लिटरची बाटली घरून भरून न्यावी. इथला कूलर कधी भरलेला असतो, कधी नाही.

बोलायचं कसं, यावर नवा माणूस सगळ्यात जास्त अडतो. सोलापुरात ते सोपं आहे. मशीनवर कोणी असेल तर "मालक, किती सेट राहिले?" असं विचारा. दोनपेक्षा जास्त असतील तर "मधे मधे मारू का मी?" म्हणा. नाही म्हणणारा क्वचितच भेटतो. तुमची पाळी झाली की पिन त्याच्या वजनावर परत ठेवा. एवढ्यावर ओळख होते. बेंचवर रॉड उचलताना भीती वाटली तर "अण्णा, सपोर्ट द्या की, आठ मारणारे" असं आकडा सांगून मागा. आकडा सांगितला नाही तर समोरचा दुसऱ्या रेपलाच रॉड धरतो. आणि बाजूला तेलुगू किंवा कन्नडमध्ये हशा पिकला तर तो आपल्यावरच आहे असं धरून चालू नका. "इंकोकटी" आणि "इन्नोंदु" हे दोन शब्द दिवसभर कानावर पडतात. दोन्हींचा अर्थ एकच, अजून एक. मित्राला शेवटचा रेप मारायला लावणं चाललेलं असतं.

पहिल्या पंधरवड्यासाठी लेग प्रेस, चेस्ट प्रेस, सीटेड रो, लॅट पुलडाउन आणि शेवटी २० सेकंदांचे तीन प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं), एवढंच. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी १२ रेपचे २ सेट, मधे ९० सेकंद. वजन असं की बारावा झाल्यावर अजून तीन-चार निघाले असते. मशीन ज्या ओळीत मांडली आहेत त्याच ओळीने करा, म्हणजे कुठे जायचं हे शोधत मध्ये उभं राहावं लागत नाही. चेस्ट प्रेसची मूठ छातीच्या मध्याच्या रेषेत येईल एवढी सीट ठेवा. सीटचं भोक आणि पिनेचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. "चेस्ट: सीट ४, पिन २०" एवढी नोंद असली की पुढच्या वेळी मशीन समजून घेण्यात वेळ जात नाही, आणि अवघडलेपणाचा मोठा भाग त्या वेळेतच असतो. पहिल्याच दिवशी सहा-सहा सेट मारले तर दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला जातं आणि माणूस तिथेच सोडतो. लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

शेजारच्याच्या आकड्याशी तुलना करायची नाही, याला यांत्रिक कारण आहे. केबलच्या काही मशीनमध्ये दोर फिरत्या पुलीवरून नेलेला असतो, तिथे थप्पीवर ४० किलो असले तरी हाताला २० च लागतात. दुसऱ्या मशीनवर ४० म्हणजे ४०. वर घर्षण आणि जुना दोर. डंबेलमध्ये ५ नंतर थेट ७.५ आहे, म्हणजे एकदम दीडपट. तिथे अडकलात तर ताकद कमी पडते असं नाही, मधलं वजनच जिमने घेतलेलं नाही. ५ किलोवर १२ वरून १५-१६ रेपपर्यंत जा, मग ७.५ चे ६-७ जमतात.

एक तक्रार ठामपणे करतो. भरतीच्या दिवशी वजन आणि चरबीचा आकडा काउंटरवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात आणि लगेच ४,००० रुपयांचा पर्सनल ट्रेनर पुढे करतात. वाचू नका, कागद द्या, असं आधीच सांगा. ते मशीन शरीरातून बारीक वीजप्रवाह सोडून पाण्यावरून चरबीचा हिशेब करतं. उन्हातून घामाघूम होऊन आलेल्या माणसाच्या अंगात पाणी कमी असलं की चरबी जास्त दाखवतं. त्या आकड्यावर पैसे खर्च करू नका.

कपड्यांवर खर्च नको. फिका करडा टी-शर्ट घामाचा प्रत्येक डाग दाखवतो, काळा किंवा गडद निळा घ्या. लेग प्रेसवर सैल हाफ पँट वर सरकते, त्या दिवशी नाडीची ट्रॅक पँट. नॅपकिन दोन, एक बेंचवर आणि एक तोंडाला. टॉवेलच्या गावात राहून मायक्रोफायबर कापडाचे 'जिम टॉवेल' कशाला? इथला सुती टेरी नॅपकिन दोनदा धुवून वापरायला काढा. कोरा पाणी नीट टिपत नाही.

फीचा हिशेब असा: तिमाही ३,०००, वर्षाचे ८,०००. तीन तिमाह्यांत वर्षापेक्षा १,००० जास्त गेले, तरी नव्या माणसाने वर्षाचे भरू नयेत असंच मी म्हणेन. पैसे आधी मिळाले की पिन आणायला कोणाला घाई नसते.

लिहून झाल्यावरची भर: काल पिन आली. ८ मिलिमीटरची आहे, भोक १० चं. खडखडते आणि तिरकी बसते. लेथवाल्याला व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजलेलं माप आणि मधल्या दांड्याच्या पलीकडे एक सेंटिमीटर जाईल एवढी लांबी दिली तर दीड-दोनशे रुपयांत नीट पिन होते, वर प्लास्टिकच्या गुंडाळी दोरीने ती मशीनलाच बांधता येते. पॉवरलूमच्या या गावात लेथ शोधावा लागत नाही. माप कागदावर लिहून काउंटरवर दिलं आहे. पिन बांधलेली दिसली की वर्षाचे ८,००० भरीन, तोवर महिन्याचे १,२००. सध्या ५ पैकी ३ तारे.