बेघरांच्या निधीची हद्द दाखवणारा नकाशा: ‘हड’च्या सीओसी सीमा-स्तराचे परीक्षण

अमेरिकेत बेघरांच्या मदतीसाठी केंद्र सरकारकडून जो पैसा येतो, त्याचा मोठा भाग ‘कंटिन्युअम ऑफ केअर’, म्हणजे या क्षेत्रातल्या लोकांच्या तोंडचे ‘सीओसी’, या नावाच्या स्थानिक नियोजन-मंडळांच्या मार्फत मागितला आणि वाटला जातो. देशभर अशी सुमारे ३८० मंडळे आहेत, प्रत्येकाचे क्षेत्र ठरलेले आहे, आणि एका जागेवर दोन मंडळांना हक्क सांगता येत नाही. गृहनिर्माण व नागरी विकास खात्याने, ज्याला सगळे ‘हड’ म्हणतात, या क्षेत्रांच्या सीमा डिजिटल स्वरूपात मोफत खुल्या केल्या आहेत. ‘हड एक्स्चेंज’ या संकेतस्थळावर त्या वर्षवार मिळतात आणि खात्याच्या खुल्या भू-माहितीच्या भांडारात ‘कंटिन्युअम ऑफ केअर ग्रँटी एरियाज’ या नावाच्या स्तरातही, म्हणजे नकाशावर पसरता येणाऱ्या माहितीच्या थरातही, सापडतात. हे परीक्षण या सीमा-स्तराचे आहे. एखाद्या जागेची जबाबदारी कोणत्या मंडळाकडे आहे हे जाणून घेण्यासाठी याच्याइतके सोयीचे दुसरे साधन नाही. मात्र बेघरपणा कोठे किती आहे हे त्यावरून वाचू पाहणाऱ्याची तो सहज दिशाभूल करतो, आणि त्याचे कारण रेखाटनात कमी व निधीच्या रचनेत अधिक आहे.

साधनाच्या बाह्यरूपाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. राज्यनिहाय शेपफाइली (सीमांच्या आकृत्यांच्या फाइली) आणि संपूर्ण देशाचा जिओडेटाबेस (अशा आकृत्यांचा एकत्रित संग्रह) उतरवून घेता येतो आणि क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो विनासायास उघडतो. ज्यांना जीआयएसशी, म्हणजे संगणकीय नकाशांच्या सॉफ्टवेअरशी, कर्तव्य नाही त्यांच्यासाठी तयार नकाशे पीडीएफ स्वरूपात आहेत. माहिती-तक्ता सुटसुटीत आहे. मंडळाचा संकेतांक आणि नाव हे त्यातले मुख्य रकाने. संकेतांकात राज्याची दोन अक्षरे आणि तीन अंक असतात: एनवाय-६०० म्हणजे न्यूयॉर्क शहर, आयएल-५१० म्हणजे शिकागो. हाच संकेतांक बेघरांची जानेवारीतल्या एका रात्री होणारी वार्षिक गणना, निवाऱ्यातील खाटांची यादी आणि मंजूर अनुदाने यांच्या तक्त्यांतही वापरला जात असल्यामुळे जोडणी एका रकान्यावर होते. सरकारी माहितीशी झटापट करणाऱ्याला ही केवढी मोठी सोय आहे हे वेगळे सांगायला नको.

या रेषा येतात कोठून, हे समजल्याशिवाय मात्र स्तर वापरू नये. त्या कोणी जमिनीवर फिरून आखलेल्या नाहीत, आणि बेघर माणसे कोठून कोठे जातात याचा अभ्यास करूनही ठरवलेल्या नाहीत. निधीच्या स्पर्धेपूर्वी प्रत्येक मंडळाच्या वतीने एक संस्था ‘ई-स्नॅप्स’ या प्रणालीत नोंदणी करते आणि आपल्या क्षेत्रात येणारे सहा अंकी जिओकोड निवडते. हे जिओकोड म्हणजे शहरे आणि काउंट्या (राज्यांतले जिल्ह्यांसारखे विभाग) यांना हडने दिलेले क्रमांक होत. उदाहरणार्थ, लॉस एंजेलिस काउंटीचा क्रमांक ०६९०३७ आहे. त्यातले ०६ हे कॅलिफोर्निया राज्याचे, पुढचा ९ ही काउंटीची खूण आणि शेवटचे तीन अंक त्या काउंटीचे. निवडलेल्या जिओकोडांची क्षेत्रे एकत्र शिवली की मंडळाचा बहुभुज, म्हणजे नकाशावरची बंद आकृती, तयार होतो. म्हणून या नकाशातली प्रत्येक रेषा ही मुळात नगरपालिकेची किंवा काउंटीची हद्द असते. शहराने शेजारची वस्ती सामावून घेतली तर रेषाही सरकते, आणि एखाद्या जिओकोडवर कोणीच हक्क सांगितला नाही तर ती जागा कोणत्याही मंडळात येत नाही.

लॉस एंजेलिसचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. सीए-६०० हे मंडळ काउंटीभर पसरलेले आहे असे नावावरून वाटते, पण लाँग बीच, पॅसाडिना आणि ग्लेंडेल या तीन शहरांची स्वतंत्र मंडळे आहेत आणि नकाशात ती तीन छिद्रांसारखी दिसतात. २०२४ च्या गणनेत संपूर्ण काउंटीचा आकडा ७५,३१२ होता आणि सीए-६०० चा ७१,२०१. बातम्यांत कधी एक आकडा येतो, कधी दुसरा, आणि वाचक समजतो की कोणीतरी लपवाछपवी करत आहे. प्रत्यक्षात फरक त्या तीन शहरांचा आहे, आणि सीमा-स्तर उघडून पाहिला की अर्ध्या मिनिटात उलगडा होतो. स्तराचा सर्वांत चांगला उपयोग मला हाच वाटतो.

डेट्रॉइटमध्ये याच्या उलट आहे. हॅमट्रॅमॅक आणि हायलंड पार्क ही डेट्रॉइटच्या पोटात असलेली स्वतंत्र शहरे आहेत, पण एमआय-५०१ या मंडळात तिन्ही एकत्र आहेत, तर वेन काउंटीचा बाकीचा भाग वेगळ्या मंडळाकडे जातो. काही मंडळे राज्याची सीमाही ओलांडतात. ओमाहा नेब्रास्कात आणि नदीपलीकडचे काउन्सिल ब्लफ्स आयोवात, तरी दोन्ही एनई-५०१ मध्ये. कॅन्सस सिटीच्या एमओ-६०४ मध्ये मिझुरीबरोबर कॅन्ससमधली वायंडॉट काउंटीही आहे. संकेतांकातील राज्याच्या अक्षरांवरून गाळणी लावली, तर आयोवाच्या नकाशात काउन्सिल ब्लफ्सच्या जागी भोक पडणार. सूचना सोपी आहे: राज्याच्या नावाने गाळू नका, संपूर्ण देशाचा स्तर घ्या आणि मग जागेनुसार कापा.

मोठ्या शहरांनी आणि काउंट्यांनी आपापली मंडळे थाटल्यावर राज्यात जे उरते त्याला ‘बॅलन्स ऑफ स्टेट’ म्हणतात. भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर जे सामाईकात राहते, तसे हे क्षेत्र असते: विखुरलेले आणि ज्याच्याकडे सगळ्यांचेच थोडे दुर्लक्ष. टेक्ससमध्ये एकूण २५४ काउंट्या आहेत आणि त्यांपैकी दोनशेहून अधिक टीएक्स-६०७ या एकाच मंडळात मोडतात. रंगछटांचा नकाशा काढताना हा प्रचंड बहुभुज डोळ्यांत भरतो, आणि २०२४ मध्ये एका रात्रीत १,४०,१३४ बेघर मोजले गेलेले न्यूयॉर्क शहर कोपऱ्यातला ठिपका होऊन बसते. त्यामुळे या स्तरावर एकूण संख्येच्या छटा रंगवू नयेत. दर दहा हजार लोकसंख्येमागचे प्रमाण घ्यावे किंवा वर्तुळाच्या आकाराने संख्या दाखवावी. क्षेत्रफळ काढायचे असेल तर फाइल कोणत्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीत) आहे हे आधी तपासावे, हेही जाता जाता.

आता निधीकडे वळू, कारण या सीमांचे अस्तित्वच त्यासाठी आहे. प्रत्येक जिओकोडला एक रक्कम जोडलेली असते. तिला ‘प्रिलिमिनरी प्रो राटा नीड’, थोडक्यात पीपीआरएन, म्हणतात. मंडळाने घेतलेल्या जिओकोडांच्या रकमांची बेरीज म्हणजे त्या मंडळाची प्राथमिक गरज. २०१२ च्या अंतरिम नियमांनुसार उपलब्ध निधीचे दोन टक्के बेटांवरील चार प्रदेशांसाठी बाजूला काढले जातात. उरलेल्यापैकी ७५ टक्के रक्कम, २००४ पासून किमान एका वर्षी ‘ईएसजी’ हे हडचे आपत्कालीन निवाऱ्यासारख्या मदतीचे अनुदान मिळालेल्या महानगरी शहरांना आणि शहरी काउंट्यांना जोडली जाते, आणि २५ टक्के बाकी सर्वांना. या वाटपाला आधार असतो सीडीबीजी, म्हणजे सामुदायिक विकास अनुदानाच्या सूत्राचा. त्या सूत्राचे दोन पर्याय आहेत. शहरांसाठी पहिल्यात लोकसंख्येला २५, दारिद्र्याला ५० आणि घरांतील दाटीला २५ टक्के वजन आहे. दुसऱ्यात लोकसंख्येच्या वाढीतील पिछाडीला २०, दारिद्र्याला ३० आणि १९४० पूर्वीच्या घरांना तब्बल ५० टक्के.

जानेवारीच्या रात्री रस्त्यावर किती माणसे आढळली हा आकडा या सूत्रात कोठेही येत नाही. जुनी घरे भरपूर असलेले ईशान्येकडील शहर, ज्याची लोकसंख्या कित्येक दशके घटत आली आहे, त्याला दुसऱ्या पर्यायाचा लाभ होतो. घरभाडे आकाशाला भिडल्यामुळे बेघरपणा वाढलेल्या पश्चिमेकडील नव्या शहराला तो होत नाही. शिवाय अंतिम गरज ठरवताना पीपीआरएन आणि चालू प्रकल्पांच्या नूतनीकरणाची वार्षिक मागणी यांपैकी जी रक्कम मोठी ती धरतात. म्हणजे ज्यांनी पूर्वी जास्त प्रकल्प मिळवले त्यांचे पारडे आधीच जड असते. स्पर्धेतील गुणांकनात गणनेचा आणि कामगिरीचा विचार होतो हे खरे, पण पाया वरचाच. जानेवारी २०२४ मध्ये हडने या कार्यक्रमातून ३.१६ अब्ज डॉलर जाहीर केले. या बहुभुजांवर अनुदानाची रक्कम रंगवून त्याला ‘गरजेचा नकाशा’ असे शीर्षक देणे म्हणूनच गैर आहे.

या स्तराची खरी उणीव माझ्या मते येथेच आहे. बहुभुज मिळतो, पण तो कोणत्या जिओकोडांनी बनला आहे आणि प्रत्येकाची रक्कम किती हे वेगळ्या दस्तऐवजात शोधावे लागते. एखाद्या लहान शहराला शेजारच्या मंडळात जायचे असेल, तर त्या निर्णयाने किती डॉलर सरकतील हे नकाशावरून कळत नाही. आणि सीमाबदलाच्या बैठकीत सगळ्यांना नेमके तेच जाणून घ्यायचे असते.

दुसरी अडचण काळाची. हडने गेल्या काही वर्षांत लहान मंडळांना विलीन होण्यास उत्तेजन दिले आहे आणि त्यामुळे जुने संकेतांक नाहीसे होतात. गणनेच्या २००७ पासूनच्या तक्त्यात विलीनीकरणाची यादी स्वतंत्र पानावर दिलेली असते, ती आधी वाचावी. विलीनीकरण निस्तरता येते, कारण जुन्या दोन आकड्यांची बेरीज करता येते. फाळणी निस्तरता येत नाही. अटलांटा शहर, फुल्टन काउंटी आणि डीकॅल्ब काउंटी यांचे पूर्वी एकच संयुक्त मंडळ होते. पुढे त्याची तीन झाली, जीए-५००, जीए-५०२ आणि जीए-५०८. संकेतांक जीए-५०० कायम राहिला, पण त्याच्या मागचे क्षेत्र आकसले. केवळ संकेतांकावर भिस्त ठेवून कालरेषा काढणाऱ्याला अटलांटात बेघरपणा एकाएकी घटल्याचा भास होईल. वर्षवार सीमा उपलब्ध आहेत त्या यासाठीच; ज्या वर्षाचे आकडे, त्याच वर्षाची सीमा घ्यावी.

अटलांटा शहर स्वतः फुल्टन आणि डीकॅल्ब या दोन्ही काउंट्यांत पसरलेले असल्याने जनगणनेची काउंटीवार माहिती या सीमांवर नीट बसत नाही. या कामासाठी संशोधक टॉम बर्न यांनी काउंट्या आणि जनगणनेची लहान क्षेत्रे मंडळांशी जुळवणारा तक्ता गिटहबवर खुला ठेवला आहे. तो एका विशिष्ट वर्षाच्या सीमांवर आधारलेला आहे हे ध्यानात ठेवून वापरला तर पुष्कळ श्रम वाचतात. ज्यांना एवढ्या खोलात शिरायचे नाही त्यांनी हडचेच ‘सीओसी अ‍ॅनालिसिस टूल’ हे एक्सेल पाहावे. त्यात मंडळाच्या क्षेत्रातील एकूण आणि दारिद्र्यातील लोकसंख्या वंशवार मांडून बेघरांच्या प्रमाणाशी ताडून दाखवली आहे, आणि भाजक म्हणून घेण्याजोगे आकडे तेथे आयते मिळतात.

सामान्य नागरिकालाही याचा उपयोग आहे का, तर आहे. न्यू जर्सीत बहुतेक मंडळे काउंटीनिहाय आहेत. एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला जानेवारीच्या गणनेत स्वयंसेवक म्हणून जायचे असेल, तर त्याचे मंडळ एनजे-५०७, मिडलसेक्स काउंटीचे. जर्सी सिटीतल्याचे एनजे-५०६, हडसन काउंटीचे. पत्ता टाकून मंडळ शोधण्यापर्यंत हा नकाशा पुरेसा आहे. निवाऱ्यात जागा हवी असलेल्या माणसाच्या हातात मात्र तो देऊ नये. त्याला दूरध्वनी क्रमांक लागतो, बहुभुज नव्हे, आणि अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तो क्रमांक २११ हा आहे.

महाराष्ट्रात नागरी बेघर निवारा योजनेचा निकष एक लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर जणांचा निवारा असा होता आणि हद्द नगरपालिकेची किंवा महापालिकेचीच. तेथे मंडळांच्या सीमांचा असा गुंता उद्भवत नाही, पण माणसांच्या गणनेऐवजी दुसऱ्याच मोजमापावर निधी बांधण्याची सवय दोन्हीकडे सारखी दिसते.

पत्रकार, संशोधक आणि संस्थांचे नियोजक यांनी हा स्तर अवश्य वापरावा; पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. कापलेला एक गुण जिओकोड आणि पीपीआरएन यांचे रकाने बहुभुजाला न जोडल्याबद्दल. ती माहिती खात्याकडे आहेच आणि दरवर्षी प्रसिद्धही होते. शेपफाइलीत दोन रकाने वाढवणे हे तांत्रिकदृष्ट्या एका दुपारचे काम आहे. तोवर वापरणाऱ्याने त्या वर्षाची पीपीआरएन यादी सीमांच्या सोबतच उतरवून एकाच फोल्डरमध्ये ठेवावी आणि फाइलच्या नावात आर्थिक वर्ष लिहावे.