सीपास किट: विषाणू अँटिबॉडींना चुकवतोय का, हे यावर कळतं का?

जिवंत कोरोना विषाणू हाताळायचा नाही, बीएसएल-३ (घातक जंतूंसाठीची कडेकोट) प्रयोगशाळा नाही, तरी न्यूट्रलायझिंग अँटिबॉडी (विषाणूला पेशीत शिरू न देणाऱ्या) तास-दीड तासात मोजायच्या आहेत. या कामाला सीपास उत्तम आहे. सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएस वैद्यकीय महाविद्यालयात घडलेल्या या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२० मध्ये आपत्कालीन परवानगी दिली.

कृती सोपी. १:१० पातळ केलेल्या सीरममध्ये (रक्तद्रवात) तितकंच एचआरपी (रंग आणणारं एन्झाइम) जोडलेलं आरबीडी (विषाणूच्या स्पाइक प्रथिनाचा पेशीला चिकटणारा भाग) मिसळून ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवायचं. मग एसीई-२चा (पेशीवरच्या ज्या प्रथिनाला आरबीडी चिकटतं त्याचा) थर असलेल्या वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) १०० मायक्रोलिटर घालून आणखी १५ मिनिटं. धुवायचं, टीएमबी (एचआरपीमुळे रंग धरणारं रसायन) घालायचं, स्टॉप सोल्युशन टाकून ४५० नॅनोमीटरवर वाचायचं. निगेटिव्ह कंट्रोलचा (अँटिबॉडी नसलेल्या नमुन्याचा) ओडी (रंगाच्या गडदपणाचा आकडा) २.० आणि नमुन्याचा ०.४ आला, तर अटकाव ८० टक्के. ३० टक्के किंवा वर म्हणजे पॉझिटिव्ह.

इथे रंग उलटा बोलतो (अँटिबॉडी जास्त तर रंग फिका), हे सतत ध्यानात हवं. एखाद्या वेलमध्ये आरबीडी कमी पडलं तर रंग फिका येतो आणि नसलेल्या अँटिबॉडी ‘दिसतात’. धुणं अर्धवट राहिलं तर असलेल्या अँटिबॉडी लपतात. म्हणून प्रत्येक नमुना दोन वेलमध्येच लावा.

खरी अडचण पुढे आहे. मूळ किटमधलं आरबीडी वुहानच्या विषाणूचं. आरबीडीतला ई४८४केसारखा एकच बदल बामलानिविमॅब ही औषधी अँटिबॉडी निकामी करायला पुरला, आणि बीए.१ ओमिक्रॉनच्या आरबीडीत तर असे पंधरा बदल. त्यामुळे त्या-त्या व्हेरियंटचं आरबीडी वेगळं घ्यावंच लागतं. तेवढ्यावरही भागत नाही. समजा, १:१० वर वुहानच्या आरबीडीला ९८ टक्के अटकाव आला आणि व्हेरियंटला ९०. आठ टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो. पण साध्या एकास-एक बंधनाच्या वक्रावर ५० टक्के अटकाव पहिल्यात १:४९० ला येतो, दुसऱ्यात १:९० ला. म्हणजे पाचपटींहून जास्त घट! वरच्या टोकाला आकडे दाटीवाटीने बसतात आणि विषाणूची सुटका तिथेच झाकली जाते. एकाच डायल्यूशनवरून ‘संरक्षण कायम आहे’ असा अहवाल देणं आम्हाला चुकीचं वाटतं.

काही अँटिबॉडी या किटला दिसतच नाहीत. एस३०९ ही अँटिबॉडी (सोट्रोविमॅब या औषधाची जननी) एसीई-२ची जागा न अडवताही विषाणूला रोखते, आणि एनटीडीवर (स्पाइकच्या आरबीडीबाहेरच्या एका भागावर) बसणाऱ्या अँटिबॉडींना तर इथे लक्ष्यच नाही. १४४व्या जागेवरच्या लोपासारख्या बदलाने विषाणू त्यांच्यापासून निसटला, तरी प्लेटवर काहीच उमटत नाही. उलट एन५०१वाय या बदलाने आरबीडी एसीई-२ला जास्त घट्ट धरतं, तेव्हा अँटिबॉडीची पकड तशीच असूनही अटकाव घटू शकतो.

चाळणीसाठी किट जरूर घ्या. सुटका मोजायची असेल तर तेच सीरम, त्याच दिवशी, दोन्ही आरबीडींवर, १:१० पासून तिप्पट-तिप्पट पातळ करत निदान सहा पायऱ्या लावा. घट दिसली, तर तेच नमुने पूर्ण स्पाइक असलेल्या स्यूडोव्हायरसवर (निरुपद्रवी नकली विषाणूवर) तपासा.