४ टीबीसाठी ८ टीबीचे पैसे

लग्नाच्या चित्रीकरणाचा व्यवसाय असला की जागेची चणचण कायमची पाठीशी असते. सेकंदाला १०० मेगाबिटच्या दराने केलेले फोर-के चित्रीकरण तासाला ४५ जीबी जागा व्यापते. म्हणजे दोन कॅमेऱ्यांवर सहा-सहा तास चाललेले एक लग्न ५४० जीबी घेऊन घरी येते. म्हणून या हंगामापूर्वी मी सांगलीतूनच ५ टीबीची एक पोर्टेबल हार्ड डिस्क आणि दोन कप्प्यांचा एक नॅस (नेटवर्कला जोडून ठेवायचा डिस्कचा डबा), अशी खरेदी केली.

दर टीबीमागे पाहिले तर पोर्टेबल डिस्कच स्वस्त पडते आणि तिला वेगळा अडॅप्टरही लागत नाही. विंडोजमध्ये ती ४.५४ टीबीच दिसते. यात फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. खरी अडचण वेगाची आहे. सुरुवातीला सेकंदाला १२० एमबीच्या आसपास धावणारी ही डिस्क मोठी कॉपी लावल्यावर काही वेळाने ३०-४० वर येते, कारण तिच्यात एसएमआर पद्धत आहे: माहितीच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात आणि मधली एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. रात्री कॉपी लावून सकाळी कपाटात ठेवण्यासाठी ती उत्तम आहे, तिच्यावरून थेट संकलन करू नये.

नॅसचा डबा रिकामाच मिळतो, डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात. दुकानदाराने साधी डेस्कटॉप डिस्क ‘तीच चालते’ म्हणून पुढे केली. चोवीस तास चालणाऱ्या नॅसमध्ये, विशेषतः एक डिस्क बदलून सगळी माहिती नव्याने भरायची वेळ येते तेव्हा, एसएमआर डिस्क फार रखडते; म्हणून मी सीएमआरचाच, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवणाऱ्या पद्धतीचाच, आग्रह धरला. नुसत्या नावावर विसंबून चालत नाही. खास नॅससाठी विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या ‘रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्येही एसएमआर असल्याचे कंपनीने २०२० साली मान्य केले होते आणि त्यानंतर सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या काढल्या. खोक्यावरचा मॉडेल क्रमांक पाहून मी ४ टीबीच्या दोन रेड प्लस घेतल्या. ऑनलाइनपेक्षा थोडे जास्त पैसे गेले, पण तीन वर्षांच्या वॉरंटीचे पक्के बिल हातात आले. (ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळणाऱ्या ‘१६ टीबी एसएसडी’च्या वाटेला मात्र कोणी जाऊ नये, त्या सरळसरळ बनावट असतात.)

पहिल्या दिवशी ५४० जीबी चढवायला तब्बल १३ तास लागले आणि मी नॅसलाच दोष देत बसलो. दोष इंटरनेटवाल्याने बसवलेल्या राउटरचा निघाला. त्याचे पोर्ट १०० मेगाबिटचेच होते. एक साधा गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिटचा) नेटवर्क स्विच आणल्यावर तेच काम दीड तासाच्या आत होऊ लागले.

दोन्ही डिस्कवर तीच माहिती ठेवणारी रेड-१ (RAID 1, डिस्कच्या ‘रेड’ नावाशी संबंध नाही) ही मांडणी लावल्यामुळे ८ टीबीचे पैसे भरून वापरायला ४ टीबीच मिळतात. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. शिवाय ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि माझा स्टुडिओ तळमजल्यावर आहे. तसे पाणी पुन्हा आले तर कप्पे दोन असोत की चार, सगळे एकदमच बुडणार. त्यामुळे नॅसवरचे पूर्ण झालेले काम महिन्यातून एकदा पोर्टेबल डिस्कवर उतरवतो आणि ती टॉवेलमध्ये गुंडाळून विट्याला बहिणीकडे नेऊन ठेवतो. ५ टीबी भरत आले की तशीच दुसरी घेईन. दुसरा नॅस घेणार नाही.