भूलतज्ज्ञाच्या नजरेतून: '२००१: अ स्पेस ओडिसी'ची ४के डिस्क

चित्रपटाला ५० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २०१८ मध्ये, वॉर्नर ब्रदर्सनं हा ४के अल्ट्रा एचडी संच काढला. माझ्याकडचा अमेरिकेहून आलाय. ४के डिस्कला रीजनची (म्हणजे ठरावीक देशांतल्याच प्लेअरवर चालण्याची) अडचण नसते, आपल्याकडच्या ४के प्लेअरवर ती सरळ चालते. साधा ब्लू-रे प्लेअर असेल तर संचातली ब्लू-रे लावा. इंग्रजी सबटायटल आहेत, मराठी नाहीत. सुरुवातीला बराच वेळ पडदा काळा असतो आणि नुसतं संगीत वाजत राहतं. डिस्क बिघडलेली नसते, दिग्दर्शक कुब्रिकनं तसंच ठेवलंय. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे मी सगळं सांगणार आहे.

चित्र ६५ मिमीच्या मूळ निगेटिव्हवरून घेतलंय. अंतराळाचा काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि यानातल्या पडद्यांवरची बारीक अक्षरंही वाचता येतात. माझ्यासाठी ही अक्षरंच सगळ्यात महत्त्वाची.

मी भूलतज्ज्ञ आहे. झोपवलेल्या माणसाचा श्वास, नाडी, रक्तदाब सांभाळणं हे माझं रोजचं काम. या चित्रपटात 'डिस्कव्हरी' यानावर हंटर, किंबल आणि कामिन्स्की हे तीन शास्त्रज्ञ शीतनिद्रेत आहेत आणि त्यांचा जीव हॅल ९००० या संगणकाच्या हाती आहे. जागे असलेले दोघंच, बोमन आणि पूल. हॅल पूलला यानाबाहेर मारतो. त्याला आणायला बोमन पॉडमधून, म्हणजे छोट्या यानातून, बाहेर पडतो आणि मागे हॅल त्या तिघांना मारतो. ना किंकाळी, ना झटापट. पडद्यावरच्या रेघा एकेक करून सपाट होत जातात, अलार्म वाजतो, आणि आधी संगणकात बिघाड, मग प्रकृती चिंताजनक, मग जीवनक्रिया संपल्या, असे संदेश येतात.

नीट बघा, अलार्म खोटं बोलत नाही. यंत्रणा बिघाड प्रामाणिकपणे कळवते, पण त्या खोलीत जागा माणूस एकही नाही. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये व्हेंटिलेटर कितीही हुशार असू दे, मॉनिटरचा अलार्म ऐकायला शेजारी माणूस बसलेलाच असतो आणि हातानं श्वास द्यायची अंबू बॅग पोहोचेल अशीच ठेवलेली असते. 'डिस्कव्हरी'वर श्वास चालवणाराही हॅल आणि पहारा देणाराही हॅल. यंत्र दुष्ट निघालं म्हणून हे तिघं मेले, असं मला वाटत नाही. ही रचना मान्य करून कुणीतरी सही केली, तेव्हाच त्यांचा जीव टांगणीला लागला.

त्यात भर म्हणजे गुपित. तिघांना चार महिने वेगळं प्रशिक्षण देऊन झोपवूनच यानावर चढवलं होतं. मोहिमेचं खरं कारण प्रवासात फक्त हॅलला माहीत होतं, हे शेवटी अंतराळ संस्थेचा अधिकारी फ्लॉइड याच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या संदेशातून कळतं. जे दोघं त्याच्यावर विसंबून होते, त्यांच्यापासूनच त्यानं ते लपवायचं होतं. हॅल का बिघडला हे चित्रपट थेट सांगत नाही, आणि ते बरंच केलंय. पण यानाचा एक भाग बंद पडणार हे हॅलचं निदान चुकलंय असं पृथ्वीवरचा जुळा संगणक कळवतो, तेव्हा हॅल शांतपणे दोष माणसाच्या चुकीवर ढकलतो. आज रुग्णालयांत निदान सुचवणारी सॉफ्टवेअर येत आहेत. ती दाखवायला येणाऱ्यांना मी पहिलं हेच विचारते, की याचं चुकलं तर ते कुणाला कळेल आणि बंद करायचं बटण कुणाच्या हातात असेल?

बोमन हॅलचे मेमरी ब्लॉक एकेक करून काढतो तो प्रसंग हेडफोन लावून ऐका. आधी फक्त बोमनचा श्वास. मग हॅल भीती वाटते म्हणतो, विनवतो, आणि 'डेझी बेल' हे जुनं इंग्रजी गाणं गाता गाता त्याचा आवाज जड होत खाली उतरत जातो. रक्तातला ऑक्सिजन पडू लागला की आमच्या पल्स ऑक्सिमीटरचा सूर असाच खाली सरकतो. तो ऐकला की हात आपोआप मास्ककडे जातो. इथे मात्र समोर खुनी आहे हे माहीत असूनही मला त्याची दया येते. बोमनला दुसरा मार्ग नव्हता, हे खरं. तरीही ज्याला भीती वाटते असं त्यांनी स्वतः बनवलं, त्याला बंद कसं करायचं याचा विचार बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. हॅलला बोलतं करणाऱ्या डग्लस रेनचा आवाज या डिस्कवर इतका जवळून येतो की हा प्रश्न टाळता येत नाही.

आवाजाचे दोन पर्याय आहेत. मेनूत जाऊन १९६८चा मूळ मिक्स निवडा. मध्यंतर कायम ठेवलंय, आणि ते हॅल बोमन आणि पूलचे ओठ वाचतो तिथेच येतं, त्यामुळे वगळू नका. पूरक साहित्य वेगळ्या ब्लू-रेवर आहे आणि बहुतेक जुनंच आहे. बोमन आणि पूल साकारणाऱ्या डलिया आणि लॉकवुड यांची कॉमेंटरी तेवढी ऐकण्यासारखी. जुनी ब्लू-रे असणाऱ्यांनी पूरक साहित्यासाठी खर्च करू नये, चित्र आणि आवाजासाठी जरूर करावा.