जुनी स्पोर्ट्स कार गरम होते तेव्हा: प्रेशर टेस्ट, गॅस टेस्ट की लीकडाउन टेस्ट?

जुन्या स्पोर्ट्स कारच्या तापमानाचा काटा वर चढू लागला की मालकासमोर बहुधा दोनच पर्याय ठेवले जातात: रेडिएटर बदला, नाहीतर हेड (इंजिनाच्या सिलिंडरांवरचे झाकण) उतरवा. दोन्ही कामे खर्चाची आहेत आणि दोन्ही पुष्कळदा विनाकारण केली जातात. माझ्या स्वतःच्या गाडीत नवा रेडिएटर बसवल्यावरही काटा पहिल्यासारखाच चढत राहिला, आणि दोष शेवटी खालच्या होज पाइपमध्ये निघाला. म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी करता येणाऱ्या तीन चाचण्यांची तुलना येथे करतो. या तिन्ही चाचण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, त्यामुळे आपला प्रश्न कोणता आहे हे आधी ठरवावे लागते.

त्याहीआधी गाडी खरोखर गरम होते आहे का, याची खात्री करावी. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग सैल झाले की हेडलाइट लावताच किंवा पंखा सुरू होताच काटा उडी मारतो. इंजिनाचे तापमान असे क्षणात बदलत नाही, त्यामुळे अशी उडी दिसली तर दोष विजेचा समजावा. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरापाशी मोजमाप घ्यावे, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते. तेथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजले, तर आकडा विश्वासार्ह मिळतो.

दुसरी खूण म्हणजे गाडी केव्हा गरम होते. उभ्या गाडीत किंवा रांगेत काटा चढत असेल आणि वेग घेताच उतरत असेल, तर रेडिएटरमधून हवा पुरेशी जात नाही. अशा वेळी पंखा, त्याचा थर्मो स्विच, व्हिस्कस क्लच (इंजिन तापल्यावर पंख्याला जोरात फिरवणारा जोड) आणि पंख्याभोवतीचे आवरण एवढेच पाहावे, त्यासाठी पुढच्या तिन्ही चाचण्यांची गरज नाही. याउलट सलग वेगात काटा चढत असेल, तर पाण्याचा प्रवाह कमी पडतो आहे. रेडिएटर आतून चोक झालेला असतो, वॉटर पंपाची पाती गंजून झिजलेली असतात, किंवा खालचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा होतो. हा शेवटचा दोष फार फसवा आहे, कारण आयडलिंगला पाइप पुन्हा फुगतो आणि गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीत तो कोणाला दिसत नाही. इंजिन तापल्यावर एकाने ॲक्सिलरेटर दाबून फेरे चार हजारांपर्यंत न्यावेत आणि दुसऱ्याने पट्ट्यापासून व पंख्यापासून हात दूर ठेवून त्या पाइपवर टॉर्च धरावा.

आता चाचण्यांकडे वळू. प्रेशर टेस्टमध्ये थंड इंजिनावर रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवतात, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरतात आणि पंधरा मिनिटे गेजचा काटा स्थिर राहतो का ते पाहतात. काटा उतरला तर गळती आहे. होजचे जोड, वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र आणि हीटरखालचा ओला गालिचा येथे ती आधी शोधावी. बाहेर कोठेही थेंब नसताना काटा उतरत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याची शंका घ्यावी. याच हातपंपाने झाकणही तपासता येते, आणि ते तपासलेच पाहिजे. साधे पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, कूलंट (पाण्यात मिसळायचा शीतक द्रव) आणि पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे 107 अंशांना, आणि एक बारचे झाकण शाबूत असेल तर तेच मिश्रण 125 अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे झाकणाची एक स्प्रिंग निकामी झाली, तर बाकी सर्व ठीक असलेली गाडीही उकळू शकते. मात्र लिहिलेल्यापेक्षा जास्त दाब कधीही देऊ नये, कारण पितळ-तांब्याच्या जुन्या रेडिएटरचे डाख त्याने उघडतात. या चाचणीची मर्यादा अशी की ती थंड इंजिनावर होते, आणि काही भेगा धातू तापल्यावरच उघडतात.

गॅस टेस्ट नेमकी तेथे उपयोगी पडते. गरम, आयडलिंगवरच्या इंजिनात कूलंटवरची हवा एका निळ्या द्रवातून ओढली जाते. हेड गॅस्केटमधून (हेड आणि ब्लॉक यांच्यातल्या सीलमधून) ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने द्रव आधी हिरवट आणि मग पिवळा होतो. द्रव जुना असेल तर निकाल खोटा येतो, म्हणून आधी नळी सायलेन्सरच्या धुरापाशी धरून रंग बदलतो का ते पाहावे. इंजिन थंड असतानाच झाकण काढून कूलंटची पातळी थोडी कमी करावी, कारण कूलंट नळीत शिरले की द्रव वाया जातो, आणि गरम इंजिनाचे झाकण उघडणे धोक्याचे असते. या चाचणीचा होकार पक्का मानावा, नकार मात्र नाही. बारीक गळती चढावर किंवा जोरात चालवल्यानंतरच उमटते, त्यामुळे गाडी चांगली फिरवून आणल्यावर चाचणी पुन्हा करावी. माझ्या मते जुन्या गाडीच्या मालकाने विकत घ्यावे असे पहिले साधन हेच. माझदा आरएक्स-7 सारख्या रोटरी इंजिनात हेड गॅस्केट नसते, पण तेथे कूलंटची सीले फुटतात, आणि तीही हा द्रव तितक्याच स्पष्टपणे दाखवतो.

लीकडाउन टेस्ट सर्वांत कष्टाची आहे. तिला कंप्रेसर लागतो, स्पार्क प्लग काढावे लागतात आणि प्रत्येक सिलिंडर कंप्रेशनच्या टोकावर (पिस्टन सर्वांत वर, व्हॉल्व्ह बंद) आणून हवा भरावी लागते. त्या बदल्यात ती दोषाची जागा सांगते. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडकलेले हेड, सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि ऑइलच्या झाकणातून आली तर पिस्टन रिंग. नुसत्या कंप्रेशन टेस्टवर (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब मोजणाऱ्या चाचणीवर) मात्र विसंबू नये, कारण कूलंट बाहेर फेकायला पुरेशी असलेली गळतीसुद्धा कंप्रेशनच्या आकड्यात पुष्कळदा दिसत नाही.

निवड करताना लक्षणांकडे पाहावे. कूलंट कमी होत असेल तर प्रेशर टेस्ट आधी करावी. थंड इंजिन सुरू करून मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर थेट गॅस टेस्ट करावी. लीकडाउन टेस्ट गॅस टेस्टचा होकार आल्यावर, हेड उतरवण्याआधी करावी, म्हणजे कोणत्या सिलिंडरजवळ शोधायचे ते ठरते. मधोमध इंजिन आणि पुढे रेडिएटर असलेल्या टोयोटा एमआर2 किंवा फियाट एक्स1/9 मध्ये मात्र आधी हवा काढावी, कारण लांब नळ्यांत अडकलेली हवा गॅस्केट गेल्याची सगळी लक्षणे दाखवते. पोर्श 944 चा वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो, त्यामुळे तेथे पंपाचा निर्णय बेल्टच्या कामासोबतच घ्यावा.

तिन्ही चाचण्या स्वच्छ निघाल्या आणि थर्मोस्टॅट गरम पाण्यात वेळेवर उघडत असेल, तर इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तपासावे. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाचा) पडदा फाटला की हलक्या लोडवर ठिणगी उशिरा पडते आणि जास्तीची उष्णता एक्झॉस्टच्या वाटेने हेडमध्ये उतरते. त्याची बारीक नळी काढून तोंडाने ओढावी. ओढलेला दाब टिकत नसेल, तर पडदा फाटलेला आहे.